एसवायच्या पोरांना 'माध्यमं' शिकवायची ती सुरू कुठून करू?

डाकआवृत्ती

थोडी लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात मराठी माध्यमाच्या मास मीडियाच्या वर्गाला शिकवते, तासिका तत्त्वावर. त्याआधी सतरा वर्षं एका दैनिकात उपसंपादक होते. संध्याकाळी डाक आवृत्तीचं, म्हणजे गावाकडे जाणाऱ्या अंकाचं, पान सोडायचं आणि रात्री शहर आवृत्तीसाठी तेच परत उसवायचं, यात उमेद गेली. आमचं कॉलेज आता स्वायत्त झालंय. स्वायत्त म्हणजे अभ्यासक्रम आपला आपण करायचा, आणि 'आपण' म्हणजे तासिका तत्त्वावरची बाई. दुसऱ्या वर्षाच्या 'माध्यमांची ओळख' या पेपराचा नवा आराखडा पंधरा दिवसांत द्या, असा निरोप आलाय. त्यातले चार दिवस गेले.

सध्याचा आराखडा असा: आधी संवादाची मॉडेल्स, मग वृत्तपत्र, मग रेडिओ, मग टीव्ही-सिनेमा, आणि अगदी शेवटी 'नवमाध्यमे'. हा शेवटचा घटक दरवर्षी परीक्षेच्या आधल्या आठवड्यात उरकला जातो. त्याच्या नोट्स माझ्या आधीच्यांकडून आल्यात, त्यांना त्यांच्या आधीच्यांकडून. त्यात ऑर्कुट ही गुगलची जुनी सोशल साइट अजून जिवंत आहे. प्रत्यक्षात ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. लॅबमध्ये पेजमेकर हे पान लावायचं सॉफ्टवेअर शिकवतात. त्याची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ची, म्हणजे समोरच्या पोरांपेक्षा वयाने मोठी.

आणि मॉडेल्स! क्लॉड शॅनन हा बेल लॅब्समधला गणिती. तारेतून गेलेला संदेश खरखरीतून नीट कसा पोचेल, हा १९४८ साली त्याच्यापुढचा प्रश्न. आमच्या फळ्यावर तो 'मानवी संवादाचं मॉडेल' होऊन बसलाय, पाच मार्कांना, आकृतीसह. राज्यशास्त्रज्ञ हॅरल्ड लासवेलचं सूत्रही त्याच सालचं: कोण, काय, कोणत्या मार्गाने, कोणाला सांगतो आणि परिणाम काय. ते मला अजूनही आवडतं. फक्त ते घोकायचं नसून रोज विचारायचं असतं, हे कुणी पोरांना सांगत नाही.

आता ज्या प्रसंगामुळे हा धागा काढला, तो सांगते.

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. शुक्रवार, सकाळचा पहिला तास. खारेगावहून येणारी एक मुलगी जांभया देत बसलेली. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, रात्री दीडपर्यंत पाणी भरत होतो. पिंप, कळश्या, बादल्या, शेवटी आईने कुकरसुद्धा भरून ठेवला. आणि सकाळी नळाला फुल फोर्स!"

वर्ग हसला. तो मेसेज निम्म्या वर्गाकडे आला होता. जांभूळ जलशुद्धीकरण केंद्राच्या दुरुस्तीसाठी गुरुवारी रात्री १२ ते शुक्रवारी रात्री १२ पाणीपुरवठा बंद. कळवा, मुंब्रा, दिवा आणि वागळे इस्टेटच्या काही भागांतील नागरिकांनी पाणी काटकसरीने वापरावे. मागून कुणीतरी ओरडलं, "फेक आहे!"

त्या दिवशी मला रेडिओचा सुवर्णकाळ शिकवायचा होता. तो ठेवला बाजूला. म्हटलं, हा निरोप तुम्हाला कुणाकडून आला ते एकेकाने फळ्यावर येऊन लिहा. सोसायटीचा ग्रुप, मामा, गणेशोत्सव मंडळ, भजनी मंडळ, क्लासची मैत्रीण. खडूने बाण काढत गेलो. अर्ध्या तासात फळा म्हणजे कोळ्याचं जाळं झालं आणि त्याला सुरुवात कुठेच नव्हती. प्रत्येकजण म्हणे, मला तिकडून आला.

मग एका मुलाने त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं शोधात टाकलं. तोच मजकूर, शब्दही इकडचा तिकडे नाही, एका बातम्यांच्या साइटवर मिळाला. दोन वर्षांपूर्वीचा. पालिकेचं खरंखुरं प्रसिद्धिपत्रक. केंद्र खरं, दुरुस्ती खरी, शुक्रवारसुद्धा खरा. साल तेवढं वेगळं. तरी खात्री करायची म्हणून त्या खारेगावच्या मुलीला म्हटलं, फोन लाव. ती आधी घाबरली. या पोरांना अनोळखी माणसाला फोन करायचा म्हणजे घाम फुटतो. मेसेज करू का, म्हणाली. चौथ्या फोनला पाणी विभागातल्या एका माणसाने उचलला. "ताई, ते जुनं आहे. सकाळपासून हेच सांगतोय, घसा बसला."

म्हणजे बातमी खोटी नव्हती, शिळी होती. आणि शिळी का ते कुणालाच कळलं नाही, कारण पुढे ढकलताना कुठल्या तरी टप्प्यावर तिची पहिली ओळ गळून पडली: 'ठाणे, ता. अमुक :'. डेस्कवर आलेल्या नवख्या पोराला आम्ही सगळ्यात आधी हेच शिकवायचो, गाव आणि तारीख. अभ्यासक्रमात त्याला एक मार्क आहे, 'डेटलाइन म्हणजे काय?'. त्या दिवशी वर्गाला तो एक मार्क पहिल्यांदा समजला, आणि खरं सांगायचं तर मलाही.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय की यंत्रांनुसार कप्पे पाडून (छापील, रेडिओ, टीव्ही, नवमाध्यम) शिकवायचं सोडून द्यावं. पेपर सुरू करायचा तो पोराच्या खिशातल्या एखाद्या निरोपापासून, आणि तिथून मागे मागे जायचं. हा आला कुठून? वाटेत काय गळलं? कुणाच्या खर्चाने आला? कुणाला पोचलाच नाही?

हे काही मी एकटी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये डेव्हिड गॉन्टलेट यांनी २००७ साली 'मीडिया स्टडीज २.०' या निबंधात मांडलं होतं की माध्यमं बनवणारे एकीकडे आणि निमूट बघणारे प्रेक्षक दुसरीकडे, ही वाटणी आता टिकत नाही. विरोधकांनी विचारलं की मग मोठ्या कंपन्यांचा पगडा कुठे गेला? मला दोघांचंही पटतं. पण आमची एसवायची पोरं तेव्हा रांगत होती, आणि आमच्या फळ्यावर आजही शॅननचीच आकृती आहे.

तर मंडळी, काय ठेवू, काय काढू? आणि परीक्षा कशी घेऊ? माध्यमात असलेल्यांनी, नसलेल्यांनी, सगळ्यांनी बोला.

जुनाखिळा

बाई, नमस्कार. माझं वय त्र्याहत्तर. जांभळी नाक्याजवळच्या छापखान्यात छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, पुढे मुद्रितशोधक झालो. चार वर्षं संध्याकाळच्या पत्रकारितेच्या वर्गालाही शिकवलं.

तुमचा पाण्याचा तास आवडला. पण एक भीती वाटते. खिशातल्या निरोपापासून मागे जायचं म्हणता, तर किती मागे जाणार? दोन वर्षं? इतिहास काढू नका. फक्त तो वंशावळीसारखा शिकवू नका.

'दर्पण' घ्या. ६ जानेवारी १८३२, बाळशास्त्री जांभेकर, तेव्हा ऐन विशीत. पोरं एवढं लिहून मोकळी होतात. पण पानावर काय होतं? दोन स्तंभ, एक मराठी, एक इंग्रजी. एकाच कागदावर दोन वाचक: एक राज्य करणारा, एक ज्याच्यावर राज्य आहे तो. कुणासाठी काय लिहिलं असेल, सारखंच असेल का, हे पोरांना विचारा. तुमच्या मोबाइलमध्ये प्रत्येकाला वेगळं पान दिसतं म्हणतात ना, त्याचं बीज कुठवर मागे जातं ते बघू दे त्यांना.

दुसरं, 'मूकनायक', ३१ जानेवारी १९२०. तो निघतोय अशी जाहिरात पैसे देऊ म्हटलं तरी 'केसरी'ने छापली नव्हती, हे बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवलंय. आज पोरं म्हणतात ना, माझी रीच दाबली? त्यांना सांगा की रीच दाबायला अल्गोरिदमच लागतो असं नाही. हा धडा 'दलित पत्रकारिता' अशा वेगळ्या टिपेत टाकून मोकळं होऊ नका, पहिल्या आठवड्यात घ्या.

आणि आमच्या धंद्यातली एक गोष्ट. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. उलटं वाचायची सवय लागली की डोळा अर्थावर घसरत नाही, अक्षरावर थांबतो. आजही मी मोबाइलवरचा मजकूर तसाच वाचतो, म्हणून सुनेला वाटतं मला दिसत नाही. छापून झालं की चूक कागदावर बसायची ती बसायचीच. दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागायचा, सगळ्या गावादेखत. आता साइटवर गुपचूप दुरुस्त करतात आणि मागमूस राहत नाही. जुन्या कागदाची ही लाज नव्या पोरांना कशी शिकवाल, ते बघा.

ता. क. आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे. तुमच्या वर्गातल्या किती जणांनी आतून पाहिलंय?

वाशीबाजारभाव

मी नॉन-पत्रकार. एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला गाळ्यावर हिशेब बघायचो. लॉकडाऊनमध्ये भाव सांगायला यूट्यूब चॅनल सुरू केलं, आता तोच धंदा. पहाटे चारला गाड्या, सहाला शूट, सातला अपलोड. शेतकरी बघतात, जुन्नर-लासलगावपासून.

मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्याकडे शिकलेली दोन पोरं मी कामाला ठेवली. कॅमेरा चांगला धरतात. पण पैसा कुठून येतो हे दोघांनाही माहीत नव्हतं. हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास बघितलं गेल्याशिवाय जाहिरातीतला वाटा मिळत नाही, हे मी त्यांना सांगितलं. मागे गाणं वाजवलं की कॉपीराइटचा क्लेम येतो आणि कमाई दुसऱ्याच्या खिशात जाते, हेही मीच सांगितलं. पैसा कळला की बातमी तशी का दिसते ते आपोआप कळतं.

आता माझंच सांगतो. कांदा किलोला एक रुपयाने पडला, तर 'भाव किंचित घसरले' असं लिहून कोण बघणार? मी 'कांदा कोसळला!!' लिहितो, लाल बाण खाली, चेहरा घाबरलेला. आत भाव खरा सांगतो. पण एकदा सिन्नरच्या एका शेतकऱ्याने फोन केला, की तुमचं नुसतं चित्र बघून व्यापाऱ्याने आमचा माल पाडून मागितला. त्यानंतर आठ दिवस साधा थंबनेल टाकला. व्ह्यू निम्म्यावर आले. नवव्या दिवशी लाल बाण परत आला. तुम्ही वर्गात मला वाईट उदाहरण म्हणून घेऊ शकता, हरकत नाही, पण मग त्या आठ दिवसांचं गाळ्याचं भाडं कुणी भरायचं तेही विचारा.

कायदा शिकवा. एका पुढाऱ्याच्या माणसाने मला 'आयटी कायद्याचं सहासष्ट अ लावतो' म्हणून दम दिला. मी रात्रीत व्हिडिओ उतरवला. नंतर एका वकिलाने सांगितलं, ते कलम केव्हाच गेलं.

डाकआवृत्ती

@जुनाखिळा काका, 'मूकनायक' पहिल्या आठवड्यात. हे लिहून घेतलं.

@वाशीबाजारभाव, वाईट कशाला वाटेल, लाल बाण आमच्याकडेही होता. आम्ही त्याला 'आठ कॉलमी' म्हणायचो, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा मथळा.

६६अ वरून आठवलं. आमच्या कायद्याच्या नोट्समध्येही ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराला शिक्षा देणारं ते कलम तरतुदींसह नांदतंय. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात ते रद्द केलं. आणि ते प्रकरण जिथून पेटलं ते गाव कुठलं? पालघर. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. म्हणजे देशभर शिकवला जाणारा माध्यम कायद्याचा धडा आमच्या जुन्या जिल्हा पानावरची बातमी आहे, आणि आमच्याच पोरांना ती कलम क्रमांक म्हणून पाठ आहे. तुम्हाला दम देणाऱ्याने बहुतेक आमच्याच नोट्स वाचल्या असाव्यात.

डीजीवाला_ऐरोली

माझा या विषयाशी संबंध नाही असं वाटून नुसता वाचत होतो. पण 'कुणाच्या खर्चाने आला' या वाक्यावर अडकलो.

मी इलेक्ट्रिकल डिप्लोमा, नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरला शिफ्टमध्ये असतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात अशा इमारती आता भरपूर आहेत. बिनखिडक्यांच्या, पाटी नाही किंवा अगदी बारीक. लोक बससाठी त्यांच्या भिंतीला टेकून उभे असतात आणि आत काय आहे ते माहीत नसतं. मी माझ्या भाचीला विचारलं, तू टाकलेली रील असते कुठे? तिने वर बोट केलं. क्लाऊडमध्ये! म्हटलं, बाई गं, तो क्लाऊड आम्ही रात्रभर डिझेलवर सांभाळतो.

आत काय असतं सांगू? वीज दोन वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेली. एक गेली तर दुसरी. दोन्ही गेल्या तर यूपीएसच्या बॅटऱ्या तेवढ्यापुरतं धरतात आणि तोवर जनरेटर लोड उचलतो. त्या मधल्या काही सेकंदांसाठी माझा पगार. बाकी सगळा खटाटोप गार ठेवण्याचा. सर्व्हर म्हणजे तापणारी पेटी, चिलर बंद पडला तर वीज असून उपयोग नाही. सर्व्हरच्या पिंजऱ्यांना नंबर असतात, आत कुणाचं काय ठेवलंय ते आम्हालाही सांगत नाहीत. गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात.

इथेच का, तर समुद्राखालच्या केबल वर्सोव्याला वर येतात, एमआयडीसीची जमीन आहे, विजेची सोय आहे. तुमच्या अभ्यासक्रमात छापखाना दाखवायला नेतात ना? मग हे पण दाखवा. आत नाही सोडणार, पण बाहेरच्या रस्त्यावर उभं राहून तो घुंऽऽ आवाज तरी ऐकू दे पोरांना. महिन्याच्या टेस्टिंगला जनरेटर सुरू झाला की समोरचा चहावाला टपरीचा पडदा ओढून घेतो. माध्यमाचा परिणाम म्हणून त्याचाही इंटरव्ह्यू घ्या.

कागदोपत्री

धागाकर्त्या बाईंनी आपल्या नोट्स आणि तो पाण्याचा मेसेज एकाच जातीचे आहेत हे लक्षात घेतलं का? दोन्ही कधीकाळी खरे, दोन्हींची तारीख गळलेली, दोन्ही पुढे ढकललेले. (मीही याच पेशात, वीस वर्षं. माझ्याही नोट्स तशाच आहेत, म्हणून बोलण्याचा हक्क आहे.)

आता कामाचं. कल्पना छान, पण क्रेडिटच्या तक्त्यात बसवणार कशी? 'खिशातला निरोप' असा घटक लिहिलात तर अभ्यास मंडळ पहिल्याच बैठकीत परत पाठवेल. शिवाय लेखी पेपर बाहेरचा परीक्षक तपासतो, त्याच्या हातात नमुना उत्तर द्यावं लागतं. तुमच्या पाण्याच्या प्रश्नाचं नमुना उत्तर काय? आणि घरी करायला असाइनमेंट दिली तर ती चॅटजीपीटी लिहितो. मागच्या सत्रात माझ्याकडे 'ठाण्यातील स्थानिक केबल वाहिन्या' या विषयावर एकोणीस निबंध आले, त्यांतल्या अकरांचा शेवट 'एकूणच असे म्हणता येईल की' असा होता.

डाकआवृत्ती

अकरा! माझ्याकडे नऊ होते.

'एकाच जातीचे' हे झोंबलं, पण मान्य.

परीक्षेचं असं डोक्यात आहे. अंतर्गत गुणांसाठी वर्गातच एक तास द्यायचा. प्रत्येकाला एक निरोप, मोबाइल उघडा ठेवायची परवानगी. तो खरा की खोटा हे विचारायचंच नाही. काय काय केलं, कोणत्या क्रमाने, कुठे अडलात, कुणाला फोन केला, हे वहीत हाताने लिहायचं. मग पाच मिनिटं तोंडी. चॅटजीपीटीला वाटेल तर विचारा, पण त्याने सांगितलेलं कसं पडताळलं तेही लिहा. नमुना उत्तर नसेल, नमुना वाट असेल.

याला आधारही आहे. स्टॅनफर्डमध्ये सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली पंचेचाळीस जणांना अनोळखी साइट तपासायला बसवलं: दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक फॅक्टचेकर, पंचवीस विद्यार्थी. इतिहासकार आणि विद्यार्थी त्याच पानावर रेंगाळले. लोगो बघितला, मांडणी बघितली, फसले. फॅक्टचेकर मात्र पान नीट वाचायच्या आधीच बाहेर पडले, दुसऱ्या टॅब उघडून हे पान कुणाचं आहे ते बघून आले. आपण पोरांना शाळेपासून काय शिकवतो? उतारा नीट, शेवटपर्यंत वाचा आणि मग प्रश्नांची उत्तरं द्या. इथे आधी उताऱ्याबाहेर जायचंय. मला स्वतःला हे पचायला वेळ लागला.

संकलनाचं प्रात्यक्षिकही बदलणार आहे. आत्तापर्यंत 'तीन मिनिटांचा व्हिडिओ कापून एक मिनिटाचा करा' असं असायचं. २०१८ साली मुलं पळवणाऱ्या टोळीचा म्हणून एक व्हिडिओ देशभर फिरत होता. मूळ कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीचा. मोटरसायकलवरचे दोघे मूल उचलतात, मग परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. परत आणण्याचा भाग कापला होता, बाकी काहीही बदललेलं नव्हतं. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवण्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने मारलं. मंगळवेढ्याकडची माणसं, भिक्षा मागायला आलेली. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डवर एका वेळी पाच चॅटची मर्यादा आणली. पोरांना ती 'पाच' ठाऊक आहे, पाच माणसं ठाऊक नाहीत.

काय कापलं ते शोधा, हा माझा संकलनाचा पहिला धडा.

कळवाकारशेड

मॅडम, ओळखलंत का? मी शेवटून दुसऱ्या बाकावरची, कारशेडच्या लोकलने यायचे आणि रोज दहा मिनिटं लेट. पाण्याच्या तासाला मी होते. आता महापेला एका बातम्यांच्या साइटवर आहे, डिजिटल डेस्क, आठवा महिना.

एक कबुली द्यायची होती. त्या दिवशी फळ्यावर 'सोसायटीचा ग्रुप' असं लिहिलेल्यांत आमचीही सोसायटी होती. त्या ग्रुपवर तो मेसेज मी टाकला होता. मावशीकडून आलेला, आणखी दोन ग्रुपवरही टाकला. तुम्ही सुरुवात कुठे विचारत होतात तेव्हा मी मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत होते. तास संपल्यावर जिन्यातच तिन्ही ग्रुपवर 'हा जुना मेसेज आहे, सॉरी' असं टाकलं. एका ग्रुपवर एक अंगठा आला. दुसऱ्यावर काहीच नाही. सोसायटीच्या ग्रुपवर जोशी काकूंनी लिहिलं, 'भरलेलं पाणी वाया जात नाही गं.'

आणि दुसरं, ते तेव्हा तुमच्याही लक्षात आलं नव्हतं. ज्या साइटवर जुनी बातमी सापडली, तिच्या पानाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात त्या दिवशीची तारीख होती. साइटचं घड्याळ. बातमीची स्वतःची तारीख खाली, बारीक राखाडी अक्षरात. मला वाटतं कुणीतरी ते पान उघडून वरची तारीख बघितली असणार आणि मनापासून सगळ्यांना कळवलं असणार.

आता मी त्या राखाडी अक्षराच्या पलीकडे बसते. आमच्याकडे बातमी उघडून एक स्वल्पविराम बदलला आणि सेव्ह केलं की 'अपडेटेड' म्हणून आजची वेळ पडते. सकाळच्या शिफ्टला जुन्या बातम्यांचे स्वल्पविराम बदलायचं काम असतं, मॅडम. मी करते. दिवसाला बारा-चौदा बातम्या, त्यातल्या चार-पाच अशा 'ताज्या' केलेल्या. पहिल्या महिन्यात पाणीकपातीची एक जुनी बातमी माझ्याकडे आली, नेमकी. मी शिफ्टच्या दादांना म्हटलं, ही नको, लोक पिंपं भरतील. ते हसले आणि म्हणाले, ठीक आहे, मग सोन्याच्या भावाची कर. तेवढंच झालं.

जुनाखिळा आजोबा, तुम्ही मागमूस राहत नाही म्हणालात, पण पुष्कळदा राहतो. वेबॅक मशीनमध्ये पानाचा पत्ता टाकला की जुन्या तारखांना तेच पान कसं होतं ते दिसतं, निदान साठवलं गेलेलं असेल तर. मॅडम, पोरांना एकच बातमी सकाळ-संध्याकाळ तिथे साठवून ताडून बघायला सांगा. काय काय गुपचूप बदलतं ते बघून मजा येईल. आमची साइट नका घेऊ फक्त.

जुनाखिळा

पोरी, मशीनचं नाव एका कागदावर मराठीत लिहून कुणाकरवी पाठव. आणि 'आजोबा' चालेल.

डाकआवृत्ती

शेवटून दुसरा बाक, खिडकीजवळ. ओळखलं. मला वाटायचं तू नोट्स काढतेयस.

स्वल्पविरामाचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आम्ही डाक आवृत्तीत आदल्या दिवशीची बातमी 'आज' लावून सोडायचो, कारण गावाकडे अंक दुसऱ्या दिवशी पोचायचा. तेव्हा त्याला कौशल्य म्हणायचो. तू वर्गात येऊन हे सांगशील का? साइटचं नाव न घेता. मानधन फार मिळणार नाही, रिक्षाभाडं आणि चहा नक्की.

बाकी सगळ्यांना कळवते: काल आराखडा दिला. पाच घटक केलेत: कुठून आलं, काय कापलं, कुणाला जागा मिळाली, पैसा कुणाचा, आणि माल ठेवलाय कुठे. 'दर्पण' आणि 'मूकनायक' तिसऱ्या घटकात गेले. काका, रागावू नका, पहिल्या आठवड्यात त्यांच्यावर एक तास आहेच. शॅनन एका तासापुरता राहिला, टेलिफोनसकट. ऑर्कुट गेलं. पेजमेकरचं लायसन्स भरलेलं आहे म्हणून ते राहणार, त्याला माझा इलाज नाही.

कागदोपत्री म्हणाले तसंच झालं. मंडळाने घटकांची नावं परत पाठवली. 'काय कापलं' हे नाव 'विद्यापीठीय स्तराला साजेसे नाही'. आता त्याचं नाव 'आशय-संपादन : संकल्पना व स्वरूप'. मी लगेच हो म्हटलं. आतला मजकूर कुणी उघडून बघितला नाही.

@डीजीवाला_ऐरोली, पुढच्या शनिवारी बावीस पोरं घेऊन येते. ऐरोलीला उतरू ना?

डीजीवाला_ऐरोली

ऐरोली नको, रबाळ्याला उतरा, पूर्वेला. ठाण्याहून पनवेल किंवा वाशी कुठलीही चालेल. त्या शनिवारी टेस्टिंग अकराला आहे, तेव्हा पावणेअकरापर्यंत चहाच्या टपरीजवळ उभे राहा. चहा आधीच घ्या, नंतर तो पडदा लावून घेतो.